लुओंचा वाटा

लुओ घराण्याचा उगम स्वर्गात आहे आणि जोवर नद्या पूर्वेकडे वाहतात तोवर त्याचा प्रवाह तुटणार नाही. आमची वंशावळ या वाक्याने सुरू होते. पुढच्या वाक्यात आमची मूळमाता, जिचं लग्न झालेलं नव्हतं, नदीवर अंघोळीला जाते. वरून उडणाऱ्या करकोच्याच्या चोचीतून एक तुती पडते, ती ते फळ खाते आणि यथावकाश आम्ही सुरू होतो. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं की तिच्या घरच्यांनी हे ऐकून घेतलं का. वडिलांनी माझ्या कानाखाली वाजवली. त्यावरून घेतलं असावं, असं मी धरून चालतो.

त्या दिवशी सकाळी मांस आलं नाही.

दरवर्षी येतं. हिवाळी बळीच्या दिवशी पहाटे थोरल्या घराच्या देवालयात बैल कापतात, पूर्वजांना दाखवतात आणि ऊन आमच्या गल्लीतल्या मातीच्या भिंतीवर चढेपर्यंत दोन नोकर लाखेचा चौरंग घेऊन दाराशी उभे राहतात. चौरंगावर कच्चं मांस, त्यावर पांढऱ्या गवताचं आच्छादन. मानाप्रमाणे वाटे ठरलेले. खांदा थोरल्यांना, मग मांडी, मग फासळ्या. आमच्याकडे येतो तो शेवटच्या फासळीचा तुकडा, ज्यात मांसापेक्षा हाडच जास्त असतं. पण येतो. ज्याच्या घरी हा चौरंग येतो तो लुओ. ज्याच्या घरी येत नाही तो लुओ नाही. असं कोणी तोंडाने सांगत नाही, कारण सांगणं असभ्य. विचारणं त्याहून असभ्य. आमच्या राज्यात राजेही आहेत, पण ते शिकारीला जातात आणि त्यांच्या नावाने हुकूम निघतात. कारभार आमच्या घराण्याकडे आहे. त्यामुळे चौरंग न येणं म्हणजे नुसतं जेवणात काही कमी पडणं नव्हे. मी त्या कारभारात रथांच्या छत्र्यांवर देखरेख करतो. पावसाळ्यात पुष्कळ काम असतं. हिवाळ्यात त्या छत्र्या मिटलेल्या आहेत ना, हे मी बघतो.

ऊन भिंतीवर चढलं, भिंतीवरून उतरलं. माझी बायको जियांग घराण्यातली, म्हणजे माहेरी तीही कोणी साधी नव्हे. ती सकाळपासून शिजवायचं काशाचं भांडं घासून तयार ठेवून बसली होती. मी तिसऱ्यांदा दारातून परत आलो तेव्हा ती म्हणाली, “आमच्या माहेरी मांस दाराशी येतं. दार मांसाकडे जात नाही.” मी म्हटलं की नोकर नवे असतील, रस्ता चुकले असतील. ती म्हणाली, “हो ना. गल्लीत एकच तर रस्ता आहे, चुकणारच.” आणि मग, भांड्यात बघत, अगदी हलक्या आवाजात, “संध्याकाळी ते लोक येतायत, अहो.”

ते लोक म्हणजे नदीपलीकडच्या राज्यातून येणारा दूत. तिथल्या एका मंत्रिघराण्याने आमच्या थोरलीला मागणी घातली होती. मागणीबरोबर द्यायचा पहिला हंस स्वीकारून झाला होता. आता दूत दुसरा हंस घेऊन येणार, मुलीचं कुळ आणि नाव विधिपूर्वक विचारणार, ते नाव कासवाच्या पाठीसमोर ठेवून कौल घेणार, आणि सगळं ठीक असलं तर वसंतात रथ येणार. मागणी थोरलीला होती असं म्हणायची पद्धत आहे. मागणी लुओला होती. ती एरवी चुलीपाशी बसून शेजारणींच्या नकला करते आणि मोठ्याने हसते, हे त्यांना माहीत नव्हतं. बळीच्या दिवशी पाहुण्याला वाट्याचं मांस वाढलं नाही तर दूत काही बोलणार नाही. तो जेवेल, हात पुसेल, परत जाईल, आणि कासवाचा कौल वाईट आला असा निरोप येईल. कासवाला बिचाऱ्याला कोणी काही विचारणारसुद्धा नाही.

आणि यंदा मांस न यायला कारण होतं, ही खरी गोष्ट. म्हणूनच मी सकाळपासून दारात जाऊन येत होतो. थोरल्या घराच्या देवालयात पूर्वजांच्या लाकडी पाट्या असतात. जागा ठरावीक. गेल्या वर्षी थोरले कारभारी वारले. त्यांची पाटी या बळीला आत येणार, म्हणजे सर्वांत जुनी पाटी उचलून मागच्या खोलीतल्या पेटीत जाणार. सर्वांत जुनी पाटी लुओ शींची, माझ्या खापरपणजोबांची, ज्यांनी राजांच्या हातून लगाम घेतले आणि परत द्यायचे विसरले. आमच्या गल्लीतले आम्ही सगळे त्यांच्या धाकट्या बायकांच्या धाकट्या मुलांचे वंशज. ती पाटी म्हणजे आमचा खुंटा. ती पेटीत गेली की आम्ही कोणाचे कोणी नाही. नात्याला पाच पिढ्यांची मुदत असते आणि पाचवी पिढी मी आहे. मग आम्हाला नवं कुलनाम घ्यावं लागतं. बहुतेक लोक राहत्या जागेवरून घेतात. आमचं घर मेंढीबाजाराला लागून आहे. मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं: मेंढीबाजारवाल्यांची थोरली. तोंडात लोकर अडकल्यासारखं झालं.

पाटी उचलली की नाही हे बघायला आत जाता येत नव्हतं. पूर्वी सगळे लुओ बळीला आत उभे राहत, एक पिढी डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा एक डावीकडे. मग एका वर्षी दोन चुलते कोण कोणाच्या वर उभं राहणार यावरून भांडले, एकाने दुसऱ्याची टोपी पूर्वजांसमोर पायाखाली तुडवली, आणि तेव्हापासून थोरल्या घराने बाकीच्यांना आत येण्याचा त्रास देणं बंद केलं. आम्ही घरी बसून शुचिर्भूत होतो. मांस येतं.

मी बाहेर पडलो. आधी चुलतभाऊ ख्वेइकडे. तो माझ्याच फांदीवरचा, त्याचा खुंटाही तोच. त्याच्याकडे आलं असेल तर चूक नोकरांची. त्याच्याकडेही आलं नसेल तर निदान सोबत तरी होईल. ख्वेइ दारातच उभा होता आणि बांबूच्या काडीने दात कोरत होता. मी थंडीबद्दल बोललो. तो थंडीबद्दल बोलला. मग आकाशाकडे बघत म्हणाला, “यंदा जरा चरबीच जास्त होती, पंगदादा. तुमच्याकडे?” “आमच्याकडेही,” मी म्हणालो. “पण मऊ होतं.” “मऊ होतं,” तो म्हणाला आणि काडी दुसऱ्या बाजूला घातली. त्याच्या घरातून शिजल्याचा वास येत नव्हता. ख्वेइ अधाशी आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण कच्चंच खाण्याइतका असेल असं वाटलं नव्हतं. त्याच्याकडे आलं, म्हणजे पाटी उचलली नव्हती. मग फक्त मीच. फांदी तशीच ठेवून त्यांनी एक पान खुडलं होतं. का? छत्र्यांत काही राहिलं होतं का? मागच्या पावसाळ्यात थोरल्या बाईसाहेबांच्या रथाची छत्री वाऱ्याने उलटी झाली होती, ती हसल्या होत्या. कदाचित हसल्या नव्हत्या. दात दिसले होते, एवढंच आपण म्हणू शकतो.

चालताना मला कितीतरी वर्षांनी खापरपणजोबांच्या कपड्यांची ती झूल खांद्यावर जाणवली. मी सात वर्षांचा असताना मला खापरपणजोबा केलं होतं. मेलेल्या पूर्वजाच्या जागी त्याच बाजूच्या पिढीतला एक मुलगा बसवायचा, त्याला त्यांचे कपडे घालायचे, आणि तो खाईल ते पूर्वजाने खाल्लं. डावीकडच्या मेलेल्यासाठी डावीकडचाच जिवंत लागतो. आमच्याकडे बाप आणि मुलगा कधीच एका बाजूला नसतात. बसण्याच्या जागा लावतानाच ते ठरवून टाकलेलं आहे. ती झूल अंगाला टोचत होती, तिला कापराचा आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी मानेचा वास होता. माझ्यासमोर चौरंग होता. बैलाच्या खांद्याचं मांस, बाजरीचा भात, तुपकट वाफ. आदल्या दिवशीपासून मला उपास घडवला होता. मी पहिला घास घेतला आणि पुजारी माझ्या वतीने मोठ्याने म्हणाला, “पूर्वज तृप्त झाले.” मी तृप्त झालो नव्हतो. सगळे वाकले. पुन्हा आग्रह झाला, पुन्हा एक घास, पुन्हा पुजारी: तृप्त झाले. तिसऱ्यांदाही तेच. मग चौरंग उचलला. आणि तेवढ्यात मी खाली पाहिलं तर माझे वडील, ज्यांच्या हाताचा वळ माझ्या गालावर अजून होता, कपाळ जमिनीला लावून माझ्यासमोर पडले होते. त्यांच्या टोपीखालची मान मला वरून दिसली. बारीक होती, धुतलेली होती, तिच्यावर एक तीळ होता. मी काही बोलायचं नव्हतं, मी मेलेला होतो. पण मला एवढंच म्हणायचं होतं की ते मांस परत आणा. पुढे आयुष्यभर मी जिथे जिथे जेवलो तिथे कोणीतरी माझ्या वतीने तृप्त झालेलं आहे, असं मला वाटत राहिलं. आणि आता ज्याची पाटी पेटीत जायची, तो एकदा मीच होतो. मला माझ्याच घरातून बाहेर काढत होते.

देवालयाच्या बाजूच्या खोलीत म्यान नावाचे आंधळे वादक बसलेले असतात. वंशावळ त्यांना पाठ आहे. लिहिलेली असते, पण लिहिलेल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. विचारायचं नाही, पण ऐकायला कोणाचीच हरकत नसते. मी म्हटलं, बळीच्या दिवशी चार नावं कानावर पडावीत. लुओ शींचं त्यांत आहे का, एवढंच मला ऐकायचं होतं. म्यानांनी तारा जुळवल्या. जुळवतच राहिले. मग करकोचा आला, तुती आली, पुराचं पाणी अडवणारे आले, अडवता न आलेले आले. लुओ शींच्या आधीच्या नावाशी म्यान थांबले, खोकले, वाडगं चाचपलं, पाणी प्याले, तोंड पुसलं आणि पुढे सुरू झाले. पुढे म्हणजे कुठून? शेवटचं नाव त्यांच्या मिशीत गेलं. मी अदबीने विचारलं की मधलं एक नाव राहिलं का. “मी म्हटलं, मालक,” ते म्हणाले. “ऐकू आलं नसेल तर तो माझ्या तोंडाचा दोष नाही.” मी म्हटलं, तेवढंच परत म्हणाल का. ते तारेवर बोट ठेवून शांतपणे म्हणाले, “मधून म्हणता येत नाही. तुतीपासून घ्यावं लागेल. बसता?” मी उन्हाकडे पाहिलं. बसलो असतो तर अंधार झाला असता.

अंगणात विधिप्रमुख यिन भेटले. ते हातपाय धुऊन, पांढरी बाही गुंडाळून, कशाचंच काही वाटत नसलेल्या चेहऱ्याने उभे होते. त्यांचा चेहरा तसाच असतो, पगारच त्याचा आहे. मी म्हटलं की बैल यंदा चांगला होता असं कानावर आलं. यिन म्हणाले, “बैलात काही खोट नाही ना, एवढंच आम्ही बघतो. ते बघितलं.” मी म्हटलं, मग सगळं व्यवस्थित पार पडलं तर. “जे झालं ते रिवाजाप्रमाणे झालं,” यिन म्हणाले. मी वाट्यांच्या दिशेने आणखी एक पाऊल टाकलं. म्हटलं, नोकरांना आज फार पळापळ झाली असेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नोकरांची चौकशी करणारा माणूस झालो, आणि त्या क्षणी मला समजलं की मी लुओ नाही. लुओ असतो तर ते वाकले असते. मग ते वाकले. पण थोडेच. इतकं थोडं ते नेहमीच वाकतात का, हे मी कधी पाहूनच ठेवलं नव्हतं. इतकी वर्षं माणसं आपल्यापुढे वाकतात आणि आपण किती ते मोजत नाही; आणि मोजायची वेळ येते तेव्हा ताडून बघायला काही हाताशी नसतं. मला त्यांची बाही धरून ओढावीशी वाटली. मी त्यांना थंडीत जपा म्हणालो.

मेंढीबाजारात गर्दी होती. मी खाटकापाशी मागच्या बाजूने गेलो, जसं कोणी चुकून तिथून चाललेलं असतं तसं. त्याच्या आकड्यांवर फक्त एक खांदा आणि एक डोकं लटकत होतं. “सगळं गेलं,” तो म्हणाला. “आज लुओंना झालंय काय? तुमच्या घरी बैल येतो, आणि तुमचे नोकर माझ्याकडे रांग लावतात.” मी म्हटलं, आमच्याकडे पाहुणे आहेत. “सगळ्यांकडेच?” त्याने विचारलं आणि सुरीवर अंगठा फिरवला. खांदा मला हवा होता. खांदा म्हणजे आम्हाला कधीच न मिळालेला वाटा, पण बैलाचा नसून मेंढीचा असल्यामुळे तोही मान नव्हता. त्याने माझ्या कमरपट्ट्याच्या काशाच्या आकड्याकडे पाहिलं. वाघाचं तोंड असलेला, वडिलांचा. मी तो काढून दिला. पट्टा हाताने धरून वळलो तर समोर ख्वेइ. हातात झाकलेली टोपली, झाकणाखालून खूर दिसत होता. आम्ही दोघांनीही वर पाहिलं. आकाशात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बराच वेळ पाहिलं. चरबीचा वाटा पोटात असताना हा माणूस आणखी मेंढी घेतो, मी मनात म्हटलं. आणि मला त्याचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या वाट्याचं त्यानेच खाल्लं, असं मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं.

घरी बायकोने खांदा पाहिला, माझा पट्टा पाहिला आणि सुरी उचलली. तिने तो खांदा फासळीच्या आकाराचा कापला, वरचं चांगलं मांस बाजूला काढलं. चौरंग आमचाच होता, लाख उडालेला. पांढरं गवत कोठीच्या छपरातून उपसलं. “हाडाची बाजू वर ठेवू का?” तिने विचारलं. “दरवर्षी तेच दिसतं.” थोरली दाराआड उभी राहून माझी नक्कल करत होती, कोपराने कंबर दाबून चालत. मी तिला हाकललं. हाकलताना कंबर कोपराने दाबून धरावी लागली. लग्न झालं तर ही दुसऱ्या घरी हसेल, मी म्हटलं. नाही झालं तर इथेच हसेल, मेंढीबाजारवाली म्हणून. दोन्ही कल्पना माझ्याने पुरत्या करवेनात.

दूत दिवेलागणीला आले. नाव शन्यू, वय झालेलं, दाढी जेवणासाठी विंचरलेली. हंस त्यांच्या काखेत होता आणि वाटेत कंटाळलेला होता. उंबऱ्याशी तीनदा आग्रह, तीनदा नकार, डावीकडच्या पायऱ्या, उजवीकडच्या पायऱ्या, हे सगळं मी एका हाताने केलं, कारण दुसरा पट्ट्यात गुंतला होता. चौरंग आणला. गवत बाजूला केलं. मी म्हणालो, “पूर्वजांच्या कृपेचा हा आमचा वाटा. दरवर्षीप्रमाणे आला.” माझा आवाज त्या पुजाऱ्याच्या आवाजासारखा आला. मग बायकोने ते मांस रश्शात शिजवून आणलं, वर कांद्याची पात. शन्यू जेवले. सावकाश, मन लावून, हाड चोखून. मी घास तोंडाशी नेत होतो आणि परत ठेवत होतो. हंस कोपऱ्यात माझ्या जोड्यावर बसला होता.

“येताना तुमच्या पश्चिम वेशीपाशी चाक रुतलं माझं,” शन्यू म्हणाले आणि दुसरा तुकडा घेतला. “तिथे गोठा आहे ना. आत एक पिवळा बैल, अंगावर रेशमी झूल, बघण्यासारखा. राखणदार त्याच्या शिंगाला मेण लावत होता. म्हटलं, काय झालं? म्हणाला, काल रात्री उंदराने कुरतडलं. खोट आली, म्हणून पहाटे बळी रद्द. आता वसंतात दुसरा बघणार म्हणे.” त्यांनी हाड चौरंगाच्या कडेला नीट ठेवलं. “कोणाला बोलू नकोस असं बजावलंय, असंही म्हणाला. अपशकुन दिसतो ना. राखणदार बडबडे असतात.”

पडद्याआड पळी भांड्यावर एकदा वाजली आणि थांबली. ख्वेइची काडी, खूर दिसणारी टोपली, खाटकाचे रिकामे आकडे, रिवाजाप्रमाणे झालं म्हणणारे यिन, हे सगळे एका रांगेत येऊन माझ्या समोर बसले, डावीकडे एक, उजवीकडे एक. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. शन्यूंनी हात वर केला.

“आमच्याकडेही बैल हुकला की घरोघरी मेंढीच करतात,” ते म्हणाले. “आणि कोणी कोणाला सांगत नाही. ही कोवळी आहे.”

मग त्यांनी हात धुतले, दाढी पुसली, हंसाला माझ्या जोड्यावरून उचललं, उभे राहिले आणि विधीच्या आवाजात विचारलं की कासवापुढे ठेवण्यासाठी मुलीचं कुळ आणि नाव काय. मीही उभा राहिलो. पट्टा सुटला, तो एका हाताने धरून मी कुळ लुओ असं सांगितलं, आणि मग तिचं नाव, जे घराबाहेरच्या माणसापुढे पहिल्यांदाच उच्चारलं जात होतं. पाटी बळीनंतरच हलवतात. बळी झाला नव्हता, म्हणून खापरपणजोबा वसंतापर्यंत जागेवर होते, आणि तोवर मी खोटं बोललो नव्हतो. शन्यूंनी ते नाव दोनदा पुटपुटून पाठ केलं.

त्या दिवशी लुओंच्या कुठल्याच घरी मांस गेलं नव्हतं. पश्चिम वेशीपाशी बैल कडबा खात होता.